हिमजलातले पोहणे आणि समुद्राचे रक्षण

कडाक्याच्या थंड पाण्यात, अंगावर पोहण्याच्या साध्या कपड्यांखेरीज काहीही न घालता, लांबचा पल्ला पोहून जाण्याची परंपरा सुमारे दीडशे वर्षांची आहे. त्यातली पहिली सव्वाशे वर्षे समुद्र हा जिंकायचा प्रतिस्पर्धी होता. त्याचे रक्षण व्हावे म्हणून पोहण्याची कल्पना अगदी अलीकडची. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती आकाराला आली आणि पुढच्या दहा वर्षांत तिने आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या दालनापर्यंत मजल मारली.

या परंपरेचा आरंभ इंग्लिश खाडीत झाला. मॅथ्यू वेब हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे कप्तान होते. २४ ऑगस्ट १८७५ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी डोव्हरच्या धक्क्यावरून पाण्यात उडी घेतली आणि २१ तास ४५ मिनिटांनी ते फ्रान्समध्ये कॅलेच्या किनाऱ्याला लागले. सरळ रेषेत हे अंतर ३३-३४ किलोमीटर आहे. पण भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी त्यांना इकडून तिकडे फिरवले आणि प्रत्यक्षातला पल्ला जवळजवळ दुप्पट झाला. सारा वेळ ते ब्रेस्टस्ट्रोकनेच पोहत होते. थंडीपासून बचाव म्हणून त्यांनी अंगाला पोरपॉइजचे तेल चोळले होते. पोरपॉइज हा डॉल्फिनच्या जवळचा सागरी सस्तन प्राणी. समुद्रातल्या प्राण्याला मारून काढलेल्या तेलाचा लेप लावून पहिला मोठा समुद्रविक्रम झाला, यात त्या काळाला वावगे काहीच वाटले नाही. देवमाशांच्या तेलावर दिवे जळत आणि यंत्रे फिरत, असा तो काळ होता. समुद्र आटणारा किंवा संपणारा नाही, यावर सर्वांचाच विश्वास होता. विक्रमानंतर वेब यांना अमाप कीर्ती मिळाली, पण साहसाची भूक शमली नाही. जुलै १८८३ मध्ये नायगारा धबधब्याखालचा भोवऱ्यांचा पट्टा पोहून जाण्याच्या प्रयत्नात त्यांचा मृत्यू झाला.

वेब यांच्यानंतर खाडी पार करणारा दुसरा माणूस यायला ३६ वर्षे लागली. १९११ मध्ये टॉमस बर्जेस यांनी ते साधले. ६ ऑगस्ट १९२६ रोजी अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली यांनी साडेचौदा तासांच्या आसपास वेळ नोंदवून खाडी ओलांडली. असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्याच, शिवाय आधीच्या सर्व पुरुषांपेक्षा त्या सुमारे दोन तासांनी वेगवान ठरल्या. पुढच्याच वर्षी इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांच्या नोंदी तपासणारी संघटना स्थापन झाली. सोबतच्या बोटीवर निरीक्षक हवा, पोहणाऱ्याने बोटीला किंवा माणसाला स्पर्श करायचा नाही, ऊब देणारा पोशाख घालायचा नाही, हे दंडक तिने रुजवले. त्यांतला शेवटचा दंडक पुढच्या इतिहासासाठी फार महत्त्वाचा ठरला. रबरी पोशाख वर्ज्य असल्यामुळे पाण्याचे तापमान आणि माणसाची कातडी यांच्यामध्ये काही उरले नाही. पाणी किती थंड आहे, याचा पुरावा थेट शरीरावर उमटू लागला.

भारतीय उपखंडाचा या खाडीशी जुना संबंध आहे. ऑगस्ट १९५८ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले ब्रोजेन दास ती पोहणारे पहिले आशियाई ठरले. पाठोपाठ २७ सप्टेंबरला मिहीर सेन हे पहिले भारतीय ठरले आणि पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला आरती साहा यांनी पहिली आशियाई महिला होण्याचा मान मिळवला. सेन यांनी १९६६ या एकाच वर्षात पाल्क, जिब्राल्टर, दार्दनेल्स आणि बॉस्फरस या सामुद्रधुन्या व पनामा कालवा पोहून पार केला. महाराष्ट्रातही धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा ३६ किलोमीटरचा मार्ग दूर पल्ल्याच्या पोहणाऱ्यांची कसोटी मानला जातो. मात्र मुंबईचा समुद्र उबदार, आणि उन्हाळ्यातही इंग्लिश खाडीचे पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सियस. म्हणून इथल्या जलतरणपटूला ताकदीइतकीच थंडीची सवय कमवावी लागते. ती कमवून पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये आणि मुंबईचे प्रभात कोळी यांनी २०२३ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. दोघांचाही शेवटचा टप्पा न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी होता.

थंड पाणी माणसाचे काय करते, हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. बर्फाळ पाण्यात शिरल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वास एकदम आत ओढला जातो, धाप आवरत नाही, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली गेले तर माणूस गारठण्याआधीच बुडतो. हा झटका ओसरला की हातापायांची पाळी येते. पोटातले आणि छातीतले अवयव उबदार ठेवण्यासाठी शरीर तिकडचे रक्त आत घेते. बोटे बधीर होऊन फाकतात, हात मारला तरी पाणी मागे सरत नाही. त्यानंतर शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली उतरते, विचार आणि बोलणे अडखळू लागते. धोका पाण्याबाहेर आल्यावरही टळत नाही. हातापायांतले थंड रक्त पुन्हा आत वाहू लागते आणि किनाऱ्यावर घोंगड्यांत गुंडाळलेल्या माणसाचे तापमान आणखी काही काळ घसरतच राहते.

या अभ्यासात ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांचे नाव आधी येते. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे शास्त्रज्ञ ते हेच. (पुढे येणारे लुईस प्यू वेगळे.) ओटो एडहोम यांच्यासोबत त्यांनी १९५५ मध्ये खाडी पोहणाऱ्यांच्या शरीरावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी जेसन झिर्गानोस या धिप्पाड ग्रीक पोहणाऱ्याची तुलना सडपातळ अंगाच्या स्वतःशीच केली. सारख्याच गार पाण्यात प्यू लवकर गारठत, झिर्गानोस तासन्‌तास टिकत. कातडीखालची चरबी हे या पोहण्यातले मोठे भांडवल आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पण त्या भांडवलालाही मर्यादा होती. १९५९ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली अधिक थंड नॉर्थ चॅनल पोहताना झिर्गानोस मरण पावले. त्यानंतर पाव शतकाने, मार्च १९८४ मध्ये, बोट बुडालेला आइसलंडचा एक मच्छीमार पाच-सहा अंश तापमानाच्या समुद्रात पाच तासांहून अधिक पोहून जिवंत किनाऱ्याला लागला; त्याचे सोबती वाचले नाहीत. शरीरशास्त्रज्ञ विल्यम कीटिंग यांनी लंडनमध्ये त्याची तपासणी केली, तेव्हा त्याच्या कातडीखाली चरबीचा विलक्षण जाड थर आढळला.

थंड पाण्यातल्या पोहण्याला विक्रमापलीकडचा अर्थ दिला तो अमेरिकेच्या लिन कॉक्स यांनी. १९७२ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यांनी इंग्लिश खाडीचा वेगाचा विक्रम मोडला होता. त्यानंतर त्यांचे लक्ष बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे वळले. तिथे अमेरिकेचे छोटे डायोमिड आणि सोव्हिएत संघाचे मोठे डायोमिड ही बेटे एकमेकांपासून चारेक किलोमीटरवर आहेत. मधून शीतयुद्धाची सीमा जात होती आणि आंतरराष्ट्रीय वाररेषाही. परवानगीसाठी कॉक्स अनेक वर्षे पत्रव्यवहार करत राहिल्या. होकार अगदी अखेरच्या क्षणी आला. ७ ऑगस्ट १९८७ रोजी त्या चार-पाच अंशांच्या पाण्यात उतरल्या आणि दोन तासांहून थोड्या अधिक वेळात पलीकडच्या बेटावर पोहोचल्या. कीटिंग सोबतच्या बोटीवर होते आणि कॉक्स यांनी गिळलेल्या तापमापक गोळीतून शरीराच्या आतले आकडे घेतले जात होते. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये अण्वस्त्रकपातीचा करार झाला, त्या प्रसंगी सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव यांनी या पोहण्याचा आवर्जून उल्लेख केला. कॉक्स समुद्रासाठी पोहल्या नव्हत्या, शांततेसाठी पोहल्या होत्या. तरी पुढच्या साऱ्या मोहिमांचा आराखडा इथेच तयार झाला. पोहायची जागा अशी निवडायची की जिचा राजकीय अर्थ नकाशावरच दिसतो. पाणी इतके थंड असावे की जग थबकून पाहील. आणि पोहणे संपल्यावर सत्तेतल्या माणसांना त्याची दखल घ्यावीच लागेल. डिसेंबर २००२ मध्ये कॉक्स अंटार्क्टिकातल्या नेको बंदरात शून्य अंशाच्या पाण्यात एक मैलाहून अधिक पोहल्या. त्यासाठी त्यांना सुमारे २५ मिनिटे लागली. साध्या पोशाखातला माणूस अशा पाण्यात इतका वेळ काम करू शकतो, हे तेव्हा प्रथमच दिसले.

पाण्याच्या रक्षणासाठी पोहण्याचा प्रयोग मात्र आधी नद्यांमध्ये झाला. स्लोव्हेनियाच्या मार्टिन स्ट्रेल यांनी २००० मध्ये डॅन्यूब आणि नंतर मिसिसिपी, यांगत्से व ॲमेझॉन या नद्या स्वच्छ पाण्याचा संदेश देत पोहून काढल्या. अमेरिकेच्या ख्रिस्तोफर स्वेन यांनी २००२-०३ मध्ये कोलंबिया नदी उगमापासून मुखापर्यंत, सुमारे दोन हजार किलोमीटर, टप्प्याटप्प्याने पार केली. धरणांनी तुकडे केलेल्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने नासलेल्या पाण्यात तोंड घालून ते पोहत. काठावरच्या गावांत, शाळांत थांबून नदीविषयी बोलत.

या सगळ्या धाग्यांना एकत्र आणून समुद्ररक्षणाचे साधन बनवण्याचे श्रेय लुईस प्यू यांना द्यावे लागते. त्यांचा जन्म १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथचा. दहाव्या वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि केपटाऊनच्या थंड अटलांटिक किनाऱ्यावर पोहू लागले. शिक्षणाने ते सागरी कायद्याचे वकील. समुद्र कुणाच्या मालकीचा, कोणता नियम कुठवर चालतो आणि तो बदलायला कुणाची सही लागते, याची जाण त्यांच्यापाशी होती. केवळ पट्टीच्या पोहणाऱ्यापाशी ती नसते, आणि पुढे तीच निर्णायक ठरली. २००५ मध्ये ते आधी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या उत्तर टोकाला आणि मग अंटार्क्टिकात पोहले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैज्ञानिक टिम नोक्स यांना त्यांच्यात एक विलक्षण गोष्ट आढळली. पाण्यात उतरण्याआधीच, नुसत्या चाहुलीने, प्यू यांच्या शरीराचे आंतरिक तापमान वाढत असे आणि ३८ अंशांच्या पुढे जाई. वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीर येणाऱ्या थंडीसाठी आधीच पेटून उठत होते. या मोहिमांतला एक टप्पा अंटार्क्टिकातले डिसेप्शन बेट हा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे देवमाशांची चरबी वितळवण्याचा कारखाना चाले. त्याचे गंजलेले अवशेष आणि देवमाशांची हाडे किनाऱ्यावर अजून आहेत. वेब यांच्या काळातल्या अक्षय समुद्राचे काय झाले, याचा इतका उघड पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो.

२००६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात प्यू टेम्स नदीच्या लांबीभर, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, गेले. उगमाकडचे पात्र कोरडे पडल्यामुळे पहिला टप्पा त्यांना धावत काढावा लागला. वाटेत लंडनमध्ये त्यांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची भेट घेऊन हवामानबदलाचा प्रश्न मांडला. पोहणे आणि सत्ताधाऱ्यांशी बोलणे या दोन गोष्टी एकाच मोहिमेचे भाग असू शकतात, हे इथे दिसून आले.

१५ जुलै २००७ रोजी प्यू भौगोलिक उत्तर ध्रुवावर पाण्यात उतरले. पाणी उणे १.७ अंश होते. खारट असल्यामुळे समुद्राचे पाणी शून्याखालीही द्रव राहते, पण तापमान आणखी किंचित खाली गेले की तेही गोठते. म्हणजे माणसाला पोहता येईल अशा पाण्याची ही जवळजवळ शेवटची पायरी. अंगावर चड्डी, टोपी आणि गॉगल, खाली चार किलोमीटरहून खोल काळा समुद्र. काही दिवस आधीच्या सरावात पाच मिनिटांतच त्यांच्या बोटांतल्या पेशी गोठून फुटल्या होत्या आणि मोहीम सोडून द्यावी की काय, अशी अवस्था आली होती. प्रत्यक्षात त्यांनी एक किलोमीटर अंतर १८ मिनिटे ५० सेकंदांत पूर्ण केले. हातांना पुन्हा नीट संवेदना यायला चार महिने लागले. पण या मोहिमेतली खरी बातमी मानवी सहनशक्तीची नव्हती. ध्रुवावर पोहण्याजोगे मोकळे पाणी होते, ही बातमी होती. पोहणारा जितका यशस्वी, तितका बर्फ वितळल्याचा पुरावा पक्का. त्याच वर्षी सप्टेंबरात उपग्रहांनी आर्क्टिक समुद्रातल्या बर्फाचे तोवरचे सर्वांत कमी क्षेत्र नोंदवले. आकडेवारी शास्त्रज्ञांनी दिली होतीच; या पोहण्याने ती सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभी केली.

मे २०१० मध्ये ते एव्हरेस्टच्या पायथ्याशी, खुंबू हिमनदीवरच्या पाण्यात, सुमारे ५,३०० मीटर उंचीवर पोहले. हिमनदी वितळून तिथे तळे साचले होते. ध्रुवावरची पद्धत इथे लागू पडली नाही. विरळ हवेत वेगाने हात मारून पाहिले तेव्हा दमछाक होऊन ते बुडता बुडता वाचले. शेवटी सावकाश ब्रेस्टस्ट्रोकने त्यांनी एक किलोमीटर २२ मिनिटे ५१ सेकंदांत पार केले. तीन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना महासागरांचे पुरस्कर्ते म्हणून नेमले आणि त्यांच्या कामाला औपचारिक स्थान मिळाले.

त्यानंतर त्यांनी रॉस समुद्राचा प्रश्न हाती घेतला. या संपूर्ण परंपरेतला सर्वांत महत्त्वाचा अध्याय हाच. अंटार्क्टिकाच्या न्यूझीलंडकडच्या बाजूला असलेला रॉस समुद्र पृथ्वीवरच्या सर्वांत कमी बिघडलेल्या समुद्री परिसंस्थांपैकी एक मानला जातो. जगातल्या ॲडेली पेंग्विनांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आणि एम्परर पेंग्विनांपैकी सुमारे चौथा हिस्सा तिथे वाढतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मासेमारी जहाजे तिथवर पोहोचली. त्यांचे लक्ष्य होते टूथफिश. हा मासा दोन मीटरपर्यंत लांब होतो, सावकाश वाढतो, उशिरा विणीला येतो आणि जवळजवळ पन्नास वर्षे जगू शकतो. महागड्या हॉटेलांत तो चिलियन सी बास या नावाने वाढला जातो. अशा माशाची मोठ्या प्रमाणावर पकड झाली तर साठा भरून यायला पिढ्या लागतात. डेव्हिड एन्ली या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धोका अनेक वर्षे मांडला.

निर्णय मात्र अंटार्क्टिकाच्या सागरी जीवसंपत्तीचे रक्षण करणाऱ्या आयोगाच्या हातात होता. १९८० च्या करारातून निघालेल्या या आयोगाची वार्षिक बैठक ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात भरते. तेव्हा त्याचे २५ सदस्य होते: २४ देश आणि युरोपीय संघ, भारतही त्यांत आहे. आयोगात मतदान होत नाही, सर्वांचे एकमत लागते, म्हणजे एका देशाचा नकारही पुरेसा. अमेरिका आणि न्यूझीलंड यांनी मांडलेला संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव वर्षामागून वर्षे अडत गेला. २०१५ मध्ये चीनने विरोध मागे घेतला आणि रशिया हा एकच अडसर उरला.

प्यू यांनी २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंटार्क्टिकाच्या समुद्रात पोहण्याची मालिका केली. केप अडेअर आणि बे ऑफ व्हेल्स ही त्यातली ठिकाणे. बे ऑफ व्हेल्स तर बर्फाच्या भिंतीला खेटून, समुद्र दक्षिणेकडे जिथवर उघडा पडतो त्या टोकाला. अंतरे काही शे मीटरांचीच होती, कारण अशा पाण्यात आणि वाऱ्यात त्याहून जास्त पोहणे म्हणजे जीव गमावणे. त्यांनी पोहण्याची जागा अंटार्क्टिकात निवडली, पण श्रोता निवडला मॉस्कोत. थंड पाण्यात उतरण्याची रशियात जुनी प्रथा आहे. जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला लोक गोठलेल्या नद्यांना भोक पाडून डुबकी मारतात. बर्फाच्या पाण्यात पोहणारा माणूस तिथे वेडा ठरत नाही, त्याला मान मिळतो. सोव्हिएत काळातले नामवंत आइस हॉकीपटू व्याचेस्लाव फेतिसोव यांनी प्यू यांची बाजू घेतली आणि अधिकाऱ्यांची दारे उघडून दिली. मॉस्कोला पुन्हा पुन्हा भेटी झाल्या. पोहण्याच्या चड्डीवरून वृत्तपत्रांनी या प्रकाराला ‘स्पीडो डिप्लोमसी’ असे नाव दिले. अखेर २८ ऑक्टोबर २०१६ रोजी होबार्टमध्ये एकमत झाले. १५.५ लाख चौरस किलोमीटरचा समुद्र, महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट, संरक्षित ठरला. त्यातल्या ११.२ लाख चौरस किलोमीटरमध्ये व्यापारी मासेमारीला पूर्ण बंदी आली. १ डिसेंबर २०१७ पासून हा निर्णय अमलात आला.

हे यश एकट्या पोहणाऱ्याचे नाही. त्याआधी शास्त्रज्ञांचे दशकभराचे काम होते, न्यूझीलंड व अमेरिकेच्या मुत्सद्द्यांनी रशियाशी वाटाघाटी चालू ठेवल्या होत्या आणि एकमतासाठी मूळ प्रस्तावातले क्षेत्र बरेच कमी करावे लागले होते. संरक्षणाला ३५ वर्षांची मुदतही घालावी लागली. तरीही प्यू यांचा वाटा खरा आहे. कागदावरच्या वादाला त्यांनी एक चेहरा दिला आणि अडवणाऱ्या देशाशी त्याला कळणाऱ्या भाषेत संवाद साधला. नुसती जागृती करू पाहणाऱ्या मोहिमा पुष्कळ झाल्या. ही मोहीम वेगळी ठरली, कारण तिची मागणी एकच आणि नेमकी होती, ती ज्याच्यापुढे ठेवायची तो देश ठरलेला होता आणि निर्णयाची बैठकही ठरलेली होती.

हाच साचा पुढे वापरला गेला. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये प्यू इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून, लँड्स एंडपासून, डोव्हरपर्यंत ४९ दिवसांत पाचशेहून अधिक किलोमीटर पोहले. वेब यांनी इंग्लिश खाडी आडवी ओलांडली होती, प्यू यांनी ती उभी कापली. मागणी होती, २०३० पर्यंत जगातल्या ३० टक्के समुद्राला संरक्षण. ब्रिटनचे पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह डोव्हरच्या किनाऱ्यावर त्यांच्या स्वागताला आले आणि त्याच सप्टेंबरात ब्रिटिश सरकारने ती मागणी उचलून धरली. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत हे उद्दिष्ट जगाने स्वीकारले. त्याआधी, जानेवारी २०२० मध्ये, प्यू पूर्व अंटार्क्टिकात बर्फाच्या थराखालून वाहणाऱ्या पाण्यात पोहले. या भागातल्या बर्फावर ६५ हजारांहून अधिक तळी साचल्याचे डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी आदल्याच वर्षी दाखवले होते. २०२१ मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसाट हिमखाडीत, हिमनगांचे तुकडे बाजूला सारत, त्यांनी १२ दिवसांत ७.८ किलोमीटर पार केले. २०२२ मध्ये ते तांबड्या समुद्रात १२३ किलोमीटर पोहले. तिथे प्रश्न प्रवाळांचा होता आणि पाणी उबदार. २०२३ मध्ये हडसन नदी लांबीभर पोहून ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा शहरात संयुक्त राष्ट्रांची महासभा भरली होती आणि खुल्या समुद्राच्या रक्षणाचा करार सह्यांसाठी खुला होत होता.

दरम्यान बर्फाळ पाण्यातले पोहणे हा स्वतंत्र खेळ झाला. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राम बर्काई यांनी त्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. पाच अंश किंवा त्याहून थंड पाण्यात, साध्या पोशाखात एक मैल, ही तिची मुख्य कसोटी. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणि उदयपूरला वाढलेल्या भक्ती शर्मा यांनी अंटार्क्टिकात एक अंशाच्या पाण्यात २.२८ किलोमीटर पोहून विक्रम केला. तो प्रामुख्याने खेळातला पराक्रम होता. चिलीच्या बार्बरा एर्नांदेझ यांनी मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीनिच बेटाजवळ सुमारे दोन अंशांच्या पाण्यात अडीच किलोमीटर ४५ मिनिटांत पोहून अंटार्क्टिक द्वीपकल्पाभोवतीच्या समुद्राच्या रक्षणाची मागणी केली. फ्रान्समध्ये जन्मलेले बेन लकोम्त हे २०१९ मध्ये हवाई ते कॅलिफोर्निया या प्रवासात प्रशांत महासागरातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यातून पोहले आणि सोबतच्या पथकाने पाण्याचे नमुने गोळा केले. साहसाबरोबर मोजमापही करण्याची ही पद्धत आणखी रुजायला हवी.

या मार्गाला मर्यादा आहेत. ध्रुवापर्यंत पोहोचायला आइसब्रेकर जहाज लागते, सोबतचे पथक लागते, त्यांचे इंधन जळते. एका माणसाच्या धैर्याच्या बातमीत समुद्र मागे पडण्याचा धोकाही नेहमीचाच. सर्वांत मोठी मर्यादा वेगळी आहे. अंटार्क्टिकाच्या समुद्राकाठी माणसांची कायमची वस्ती नाही, म्हणून तिथे संरक्षणाची मागणी सरळ मांडता येते. महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. ते जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. तरी स्थानिक मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आणि प्रवाळांचे रक्षण यांचा ताण तिथे वर्षानुवर्षे राहिला. लाटांवर रोज होडी घालणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय तिथे काही ठरत नाही आणि ते काम कोणत्याही पोहण्याने होणारे नाही.

ध्रुवीय समुद्राचे कामही अपुरे आहे. खुल्या समुद्राच्या कराराला सप्टेंबर २०२५ मध्ये आवश्यक त्या ६० देशांची मान्यता पूर्ण झाली. पण पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्या संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव होबार्टच्या बैठकीत वर्षानुवर्षे येत राहिले आणि एकमताअभावी अडून राहिले आहेत. द्वीपकल्पाभोवती क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवाची मासेमारी चालू आहे. देवमासे, सील आणि पेंग्विन यांचे तेच मुख्य अन्न. रॉस समुद्राच्या संरक्षणाची मुदत २०५२ मध्ये संपते. ते पुढे चालू ठेवायचे तर आयोगाच्या सर्व सदस्यांचे पुन्हा एकमत व्हावे लागेल.